‘चूक झाली’ : आत्मटीकेच्या मराठी गद्याविषयी काही विचार

मराठी समीक्षेने आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार भरपूर केला आहे. आत्मचरित्रातील प्रांजळपणा, आत्मगौरव, स्मृती आणि कल्पित यांचे नाते या विषयांवर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली, अभ्यासपत्रिका नेमल्या गेल्या. आत्मचरित्राच्या अगदी शेजारी असलेल्या एका गद्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले. सार्वजनिक कार्य करणाऱ्या व्यक्तीने, राजकीय पक्षाने किंवा एखाद्या तांत्रिक खात्याने आपल्या फसलेल्या कामाविषयी लिहिलेले गद्य, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. चौकशी आयोगांचे अहवाल, पक्षांचे ठराव, अभियंत्यांच्या आठवणी, वृत्तपत्रांतील माफीनामे ही त्याची निरनिराळी रूपे होत. ही लिखिते साहित्याच्या कक्षेत येत नाहीत असे समजून आपण ती इतिहासकारांकडे आणि राज्यशास्त्रज्ञांकडे सोपवून मोकळे झालो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे योग्य झाले नाही. एखाद्या समाजाला आपल्या कामाची चूक सांगता येते की नाही, हा प्रश्न त्या समाजाच्या नीतिमत्तेचा जितका, तितकाच त्याच्या गद्याचा आहे. आणि गद्य वाचण्याचे काम आपले आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. पश्चात्ताप, क्षमायाचना, आत्मनिंदा, कबुलीजबाब, आत्मपरीक्षण, आत्मचिंतन आणि आत्मटीका हे शब्द आपण बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्यात फरक आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. पश्चात्ताप मनात होतो. क्षमायाचनेला समोर दुखावलेला माणूस लागतो. कबुलीजबाबाला पोलीस लागतो. आत्मटीकेला यांपैकी कोणीच लागत नाही. तिला लागते ते झालेल्या कामाचे वर्णन. काय ठरले, कोणी ठरवले, त्या वेळी काय ठाऊक होते, काय ठाऊक करून घेता आले असते, कोणता पर्याय समोर असून नाकारला, हे ज्यात सांगितले आहे ते आत्मटीकेचे गद्य. बाकी सारे भावनेचे अथवा न्यायालयाचे गद्य.

आपल्या प्रशासनाने या यादीत आणखी एका शब्दाची भर घातली आहे. तो शब्द म्हणजे ‘खुलासा’. मूळच्या फारसी वापरात ‘खुलासा’ म्हणजे सार, निष्कर्ष. मराठी कचेरीत तो मागवला जातो, आणि मागवला गेला की देणाऱ्याने स्वतःचा बचाव करावयाचा असतो हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. शब्द साराकडून सारवासारवीकडे कसा आला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

आता परंपरेकडे वळू. मराठीला स्वतःच्या दोषाविषयी बोलण्याची भाषा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. संतवाङ्मयात ती विपुल आहे. तुकोबांच्या गाथेत स्वतःला पापी, पतित, दांभिक म्हणवून घेणारे अभंग कितीतरी सापडतात, आणि त्यांतील धार आजही बोथट झालेली नाही. परंतु ही देवासमोरची भाषा आहे. तिथे दोष समग्र असतो. ‘मी’ संपूर्णपणे अपराधी असतो, म्हणून कोणता विशिष्ट निर्णय कोणत्या दिवशी चुकला हे सांगण्याचे कारणच उरत नाही. भक्तीसाठी ते आवश्यक असेल; धरणासाठी ते निरुपयोगी आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) हीच भाषा घराघरांत नेली. तिथे मुलाची चूक आईच्या पायाशी अश्रूंत विरघळते आणि विरघळली की संपते. आपल्या पिढ्यांचे आत्मपरीक्षणाचे शिक्षण बहुतांशी या वळणाचे झाले आहे. चूक, रडू, क्षमा. या क्रमात ‘का चुकले’ याला जागा कुठे आहे?

याहून वेगळा असा एक झरा आपल्याच परंपरेत आहे, पण तो आपण आत्मटीकेशी जोडून पाहत नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून. पुढे मूळ संहिता नष्ट झाली, तेव्हा पंथीयांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. आणि जिथे दोन स्मरणे जुळत नव्हती तिथे एक दडपून दुसरे ठेवण्याऐवजी ‘वासना’ या नावाने पाठभेद नोंदवण्याची रीत पडली. हा पंथ श्रद्धेवर उभा होता. गुरूच्या शब्दाविषयी ‘आमच्यापाशी दोन पाठ आहेत’ असे लिहून ठेवणे त्याला सोपे गेले नसेल. शंका संहितेतच नोंदवायची, वाचणाऱ्याला ती दिसू द्यायची, ही शिस्त मराठी गद्याच्या उगमापाशीच आहे. पुढे ती आपल्या सार्वजनिक लेखनात का उतरली नाही, याचे उत्तर शोधायला हवे.

एक उत्तर व्याकरणात सापडते असे मला वाटते. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) आपण प्रयोगविचार शिकत आलो, पण प्रयोगाचा नैतिक परिणाम काय होतो, इकडे आपले लक्ष गेले नाही. ‘आम्ही धरण बांधू’ या वाक्यात ‘बांधू’ हे क्रियापद कर्त्याला धरून आहे. ‘आम्ही’ गाळले तरी ‘धरण बांधू’ म्हणणारा क्रियापदाच्या प्रत्ययात उभाच असतो. आता भूतकाळ घ्या. ‘आम्ही धरण बांधले.’ इथे क्रियापद धरणामागे गेले. ‘आम्ही’ गाळा, ‘धरण बांधले’ हे वाक्य पूर्ण राहते आणि कर्त्याचा मागमूस उरत नाही. म्हणजे मराठीत वचन देणारा क्रियापदातून सुटू शकत नाही, केलेल्या सकर्मक कामाचा कर्ता मात्र सहज सुटतो. जाहीरनामे आणि अहवाल एकामागून एक वाचले की याचा प्रत्यय येतो. जाहीरनाम्यात करू, देऊ, उभारू. अहवालात केले, दिले, उभारले. आणि काम फसलेले असेल तर सकर्मक क्रियापदही नाहीसे होते: राहून गेले, लक्षात आले नाही, विलंब झाला.

‘चूक झाली’ हे या रचनेचे सर्वांत प्रचलित रूप. मराठीत ‘मी चुकलो’ असे कर्तरी वाक्य उपलब्ध आहे आणि ते सुंदर आहे. तरी नित्याच्या बोलण्यात आपण ‘माझे चुकले’ म्हणतो. त्यात ‘मी’ षष्ठीत जातो. चुकणारे दुसरेच काहीतरी असते, जे माझे आहे एवढेच. १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर कार्यालयीन मराठीची घडण झाली, तीत ‘करण्यात आले’, ‘निदर्शनास आले’ या रचना इतक्या रूढ झाल्या की त्यांवाचून टिपणी लिहिता येत नाही. पेशवे दफ्तरातील पत्रांत कोणी कोणास काय लिहिले, कोणी काय केले, याची नावानिशी नोंद असे. दफ्तराची भाषा कर्त्याला वगळूनच चालते असा नियम नाही, हे त्यावरून दिसते. व्याकरण कोणाला खोटे बोलायला भाग पाडत नाही. ते फक्त सोय करून देते. सोय कोणी वापरली, हे वाचकाने पाहायचे.

पानशेतचे उदाहरण या दृष्टीने विस्ताराने पाहण्यासारखे आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी अंबी नदीवरील पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली मुठेवरचे एकोणिसाव्या शतकातले दगडी खडकवासला धरणही गेले, आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली बुडाले. पेठांतील वाडे पडले, नळाचे पाणी तुटले, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वसाहतींच्या इतिहासात या घटनेची खूण आजही आहे. पुणेकरांच्या बोलण्यात ती ‘पानशेतचा पूर’ म्हणून स्थिरावली. ‘पुराआधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी काळाची विभागणी जुन्या पिढीच्या तोंडी सहज येई. ज्यांची घरे गेली ते ‘पूरग्रस्त’ झाले.

‘पूर’ हा शब्द इथे काय करतो ते पाहा. पूर येतो. पावसाने येतो, नदीला येतो, दरवर्षी येऊ शकतो. पूर आला या वाक्याला मानवी कर्ता संभवतच नाही. प्रत्यक्षात त्या सकाळी जे आले ते माणसांनी अडवलेले, माणसांनी साठवू दिलेले पाणी होते. त्याला ‘धरणफुटी’ म्हटले तरी अडचण पूर्ण सुटत नाही. मराठीत फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, बुडणे-बुडवणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. एका बाजूला आपोआप घडणे, दुसऱ्या बाजूला मुद्दाम करणे. पानशेत कोणी फोडले नाही, हे तर खरेच. म्हणून ‘फुटले’. परंतु या दोन क्रियापदांच्या मध्ये जी मोठी जागा आहे, म्हणजे फुटू दिले, फुटेल अशा अवस्थेत पाणी साठू दिले, त्या जागेसाठी सुटे, रूढ क्रियापद आपल्यापाशी नाही. ते संयुक्त क्रियापदाने सांगावे लागते, आणि सांगायचे तर ‘कोणी’ हा शब्द वाक्यात आणावाच लागतो.

ही मधली जागा भरण्याचे काम चौकशी आयोगाकडे आले. न्यायमूर्ती बावडेकर यांच्या निधनानंतर ते न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे सोपवले गेले. आयोगापुढचे प्रश्न वरवर पाहता तांत्रिक होते. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याच्या मोरीचे काम आणि तिच्या दारांची व्यवस्था पुरी झालेली नव्हती. मोरीच्या बांधकामात लोखंडाचा वापर कसा झाला, किंवा झाला नाही. मोरीच्या रेषेवरचा मातीचा भराव खचू लागला, तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. या सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र वेळापत्रकाचा होता. काम त्या पावसाळ्याआधी पाणी साठवण्यापर्यंत रेटायचे, हे कोणी, कोणत्या सल्ल्यावरून आणि कोणाचा विरोध बाजूला सारून ठरवले? लोखंड, भराव आणि दारे हे अभियंत्याचे शब्द. ‘या पावसाळ्याआधी’ हा राजकारणाचा शब्द. तांत्रिक काम आणि राजकीय काम हे दोन वेगळे प्रांत आहेत असे आपण मानतो, परंतु मातीच्या धरणात ते एकाच मोरीत भेटतात.

आयोगाचा अहवाल कितीही चांगला असला तरी ती आत्मटीका नव्हे, ती परटीका होय. आत्मटीका त्या खात्याची, त्या शासनाची व्हायला हवी होती. अशा प्रसंगी शासनाचे उत्तर ठराविक वळणाने जाते. आधी निसर्ग, मग तांत्रिक गुंतागुंत, मग ‘कोणा एकाला जबाबदार धरता येणार नाही’. शेवटचे वाक्य बऱ्याचदा खरेही असते. पण ज्या निर्णयात दहा जण सामील होते त्याचे वर्णन करता येत नाही असे नाही. उलट त्याचे वर्णन अधिक लांब होते इतकेच. त्या लांब वर्णनाची सवय मराठी गद्याला लागली नाही. पुराच्या आठवणी उदंड आल्या: कोणाचा वाडा कसा पडला, कोणी कोणाला कसे वाचवले. त्या हृद्य आहेत. धरणाच्या कामावर असलेल्या माणसाने आपण काय पाहिले आणि कुठे गप्प बसलो हे सांगणारे गद्य त्यांच्या तुलनेत नगण्य आहे.

या उलट तांत्रिक क्षेत्रात कधी कधी चूक अशा ठिकाणी कबूल होते की तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाचे लक्षही जाऊ नये. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर आहे, हे तोवर पाठ्यपुस्तकातले वाक्य होते. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तेव्हा शून्य ते सहा असे सात विभाग होते, आणि कोयनेचा परिसर त्यांतील तळाच्या, जवळजवळ निर्धास्त मानलेल्या भागात होता. कोयना धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या आणि मागाहून त्याला बळकटी द्यावी लागली. १९७०च्या सुधारित मानकात ‘शून्य’ हा विभागच काढून टाकला गेला. सातांचे पाच विभाग झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला तो पुन्हा सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात. २००२च्या सुधारणेत पहिला विभागही गेला आणि दोन ते पाच असे चारच उरले.

मला हा नकाशा मराठी वाचकाने साहित्यकृतीसारखा वाचावा असे वाटते. त्यात कोणी ‘आम्ही चुकलो’ म्हटलेले नाही. माफी नाही, अश्रू नाहीत. फक्त एक आकडा नाहीसा झाला आहे. ‘शून्य’ म्हणजे इथे काहीही होणार नाही, हे ठामपण. ते ठामपण मागे घेतले गेले आणि त्याची खूण आकड्यांच्या क्रमात राहिली: मोजणी दोनपासून सुरू होते, एक कुठे गेला असे कोणीही विचारू शकतो. अर्थात हे पुरेसे नव्हते. १९६७ ते १९९३ या सव्वीस वर्षांत नकाशा बदलला, पण मराठवाड्यातील जाड दगडमातीच्या भिंतींची, माळवदाची घरे बदलली नाहीत, आणि माणसे त्या भिंतींखाली सापडली. तज्ज्ञांनी आपले वाक्य दुरुस्त केले, ते वाक्य गावापर्यंत कोणत्या भाषेत आणि कोणी न्यायचे हे कोणाचेच काम नव्हते. तांत्रिक आत्मटीकेची ही मर्यादा आहे: ती नेमकी असते, पण आपल्याच माणसांशी बोलते.

मराठी वाचकाला तांत्रिक अपयशाची जी एक कथा सर्वाधिक परिचित आहे ती ‘अग्निपंख’मधून आलेली. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेले एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळले. सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि त्यांनी सहकाऱ्यांना पाठीशी घातले; पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, उड्डाण यशस्वी झाले तेव्हा त्यांनी अब्दुल कलामांना पुढे केले. ही कथा शाळांच्या संमेलनांत, व्यवस्थापनाच्या शिबिरांत, निवृत्तीच्या समारंभांत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता बोधकथा झाली आहे. तिच्यातील औदार्य निःसंशय मोठे आहे. पण त्या दोन तारखांच्या मधल्या अकरा महिन्यांत काय झाले? उड्डाणानंतरच्या आढाव्यात दुसऱ्या टप्प्याची नियंत्रणव्यवस्था निकामी झाल्याचे निष्पन्न झाले; एक झडप अडकली आणि तिथून आम्ल गळून गेले. आढावा घेणाऱ्यांनी झडपेपर्यंत जाऊन पोहोचण्याचे काम केले म्हणून पुढचे उड्डाण झाले. आपल्या सभांतून पत्रकार परिषद सांगितली जाते, झडप सांगितली जात नाही. आपल्याला अपयशाची गोष्ट आवडते ती एखाद्या थोर माणसाच्या स्वभावाची गोष्ट म्हणून. कामाची गोष्ट म्हणून ती ऐकायला आपले कान तयार झालेले नाहीत.

राजकीय गद्याकडे वळताना पानिपताचा उल्लेख टाळता येत नाही, पण त्यावर रेंगाळणार नाही. १७६१च्या पराभवाविषयी मराठीने दोन टोकांची भाषा घडवली. एका टोकाला ‘पानिपत झाले’ हा वाक्प्रचार, ज्यात एक युद्ध निसर्गाच्या कोपासारखे ‘होते’. दुसऱ्या टोकाला बखरी, ज्यांत अमक्या सरदाराचा सल्ला आणि तमक्याचा हट्ट यांच्यावर सारा भार पडतो. या दोहोंच्या मधोमध, म्हणजे रसद, अंतर, पैसा आणि मैत्रीच्या फसलेल्या बोलण्यांच्या जागी, विवेचन पोहोचायला वि. का. राजवाडे यांचा साधनग्रंथ (१८९८) यावा लागला. कर्ता नसणे आणि एकच कर्ता असणे, ही आत्मटीका टाळण्याची दोन जुनी साधने आहेत.

माफीनामा हे तिसरे साधन होय, असे म्हटले तर अनेकांना धक्का बसेल. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध प्रसिद्ध केलेली पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ त्या तुरुंगवासातून जन्मले. १८९७ मध्ये गोखल्यांनी इंग्लंडमध्ये पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तातील अत्याचारांविषयी विधान केले, परतल्यावर पुरावा उभा करता आला नाही, आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या दोन्ही माफ्यांनी त्या माणसांना किती यातना दिल्या हे आपण वाचले आहे. परंतु माफीनाम्याची भाषा न्यायालयाची किंवा सत्तेची असते. ती विधान मागे घ्यायला लावते. विधान कसे तयार झाले, माहिती कोणाकडून आली, ती पारखण्याची संपादकाची किंवा पुढाऱ्याची रीत कुठे कमी पडली, याबद्दल तिला कुतूहल नसते. आपल्या वृत्तपत्रसृष्टीने या दोन प्रसंगांतून शौर्याच्या आणि मानहानीच्या कथा जपल्या. पत्र छापण्यापूर्वी ते कसे पारखावे, ही गोष्ट तितकी जपली नाही.

गांधींचे १९१९चे उदाहरण वेगळे आहे. रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळीत अहमदाबाद, विरमगाम येथे हिंसा झाली आणि नडियादच्या सभेत त्यांनी आपली चूक जाहीर केली. ‘हिमालयाएवढी चूक’ हा शब्दप्रयोग मराठीत इंग्रजीमार्गे आला. गुजराती आत्मकथेत प्रकरणाचे नाव ‘पहाड जेवडी भूल’ असे साधेच आहे. (आपली ‘घोडचूक’ काही कमी नव्हती, पण तिला सभेत नेण्याइतकी प्रतिष्ठा नव्हती.) लोकांच्या लक्षात राहिली ती चुकीची उंची. त्या प्रकरणाचे मोल मात्र त्या रूपकात नाही. जे लोक कायदे समजून-उमजून पाळण्यात मुरलेले नाहीत त्यांच्या हाती कायदेभंग दिला, हे चुकीचे नेमके स्थान गांधी दाखवतात. पुढे उपाय म्हणून स्वयंसेवकांना शिकवायचे ठरवले आणि त्या शिकवणीत लोकांना फारसा रस नव्हता, संख्या वाढण्याऐवजी घटत गेली, हेही तिथेच सांगतात. उपायही फसल्याची नोंद चुकीच्या कबुलीशेजारी ठेवणारे राजकीय लेखन मी फार वाचलेले नाही. या कबुलीत दोषाचा काही भाग लोकांच्या अपात्रतेवर जातो, असा आक्षेप घेता येईल आणि तो खोटा नाही.

‘आत्मटीका’ हा शब्द आपल्याकडे सर्वांत शिस्तीने वापरला तो कम्युनिस्टांनी. मागे रशियन परंपरा होती. १९२८ मध्ये स्टालिनने तिची मोहीमच काढली होती, आणि पुढे मॉस्कोच्या खटल्यांत तिचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या १९४८च्या कलकत्ता अधिवेशनात बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. तात्काळ क्रांतीची ती भूमिका होती. ९ मार्च १९४९च्या देशव्यापी रेल्वे संपाची हाक फसली. १९५० मध्ये रणदिव्यांना पद सोडावे लागले आणि त्यांच्या धोरणावर ‘डावा संकुचितपणा’ असा शिक्का बसला. या परंपरेतील आत्मटीकेची भाषा तपासली तर चूक नेहमी ‘विचलन’ म्हणून येते: उजवे विचलन, डावे विचलन. विचलन म्हणायचे तर आधी सरळ रेषा हवी. रेषा कोणी काढली हा प्रश्न रेषेबाहेरचा ठरतो, आणि रेषा बदलली की कालची निष्ठा आजचे विचलन होते. कामगार संपावर जातील असे कोणत्या रेल्वे यार्डातून, कोणाच्या सांगण्यावरून गृहीत धरले होते? विशेषणे लावणाऱ्या भाषेतून हे कळत नाही. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. आपली चूक समूहाने, लेखी स्वरूपात नोंदवावी, असा निदान नियम त्यांच्यापाशी होता. इतर पक्षांपाशी पराभवानंतरच्या ‘चिंतन बैठका’ आहेत. ज्या चिंतनाचा कागद निघत नाही त्याची समीक्षा कशी करणार?

या सर्वांत मला सर्वाधिक विचारप्रवृत्त करणारे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे आहे. १९४८ मध्ये भाषावार प्रांत आयोगापुढे त्यांनी एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडली. १९५५च्या भाषावार राज्यांविषयीच्या पुस्तकात त्यांनी मराठी प्रदेशाची चार राज्ये सुचवली: मुंबईचे नगरराज्य आणि पश्चिम, मध्य व पूर्व महाराष्ट्र. संयुक्त महाराष्ट्राचे वारे वाहत असताना हे लिहिणे किती अप्रिय होते, हे सांगायला नको. प्रस्तावनेतच त्यांनी आपल्या आधीच्या आणि आताच्या मतांत विसंगती दिसेल हे स्वतः सांगितले, आणि सुसंगतीपेक्षा जबाबदारी मोठी, जबाबदार माणसाला शिकलेले विसरून पुन्हा विचार करण्याचे धैर्य हवे, अशा आशयाची भूमिका घेतली. इथे ना पश्चात्ताप आहे, ना ‘झाले’ची पळवाट. विचार का बदलला याची कारणे आहेत: उत्तर आणि दक्षिणेतील राज्यांच्या आकारातील असमतोल, मोठ्या राज्यात संख्येने प्रबळ असलेल्या जातीपुढे अल्पसंख्य समाजांची होणारी अवस्था. ती कारणे पटोत वा न पटोत, वाचकाला ती तपासता येतात, खोडता येतात. इतिहासाने त्यांची चार राज्यांची योजना स्वीकारली नाही, आणि मलाही ती सर्वांशी मान्य नाही. तरी मत बदलल्याचे गद्य कसे असावे याचा इतका चांगला नमुना मराठी राजकारणाच्या संदर्भात दुसरा दाखवता येत नाही. तो मूळ इंग्रजीत आहे ही खंत वेगळी.

आपल्या विद्यापीठीय क्षेत्राची स्थिती काय आहे? पीएच.डी.च्या प्रबंधात ‘संशोधनाच्या मर्यादा’ असा एक भाग असतो. त्यात कालखंडाची मर्यादा असते, साधनांच्या उपलब्धतेची असते, क्वचित पृष्ठसंख्येची असते. गृहीतकच डळमळीत होते, अशी मर्यादा त्यात कधी नसते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या निमित्ताने महाविद्यालयांना स्वतःच्या उणिवा लेखी सांगण्याची पाळी आली. अशा एका अहवालात ‘उणिवा’ या सदराखाली जागेचा अभाव, निधीचा अभाव आणि ग्रामीण विद्यार्थ्यांची कमकुवत पार्श्वभूमी अशा तीनच गोष्टी होत्या. म्हणजे उणिवा शासनाच्या, देणगीदारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या. अध्यापन नीरस आहे, असे वाक्य कोणत्याही संस्थेच्या अहवालात सापडल्यास ते मला जरूर दाखवावे.

एम.ए.च्या ‘गद्यशैली’च्या अभ्यासपत्रिकेत आपण बखर, निबंध, ललितगद्य आणि आत्मचरित्र शिकवतो. त्यांच्या जोडीला पानशेत आयोगाच्या अहवालातील दहा पाने, एखाद्या पक्षाचा पराभवानंतरचा ठराव आणि १९५५च्या त्या प्रस्तावनेचा अनुवाद विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल. प्रश्नही सोपे ठेवावेत. प्रत्येक वाक्यातील कर्ता अधोरेखित करा. कर्ता नसेल तिथे कोण संभवतो ते लिहा. ‘झाले’, ‘राहिले’, ‘आले’ यांच्या जागी सकर्मक क्रियापद घालून वाक्य पुन्हा लिहा आणि अर्थात काय फरक पडला ते नोंदवा. अभ्यासमंडळापुढे असा प्रस्ताव गेला तर ‘हे साहित्य आहे काय?’ हा प्रश्न विचारला जाईल. तो अवश्य विचारावा. त्यावर या नियतकालिकात चर्चा व्हावी, आणि ज्यांना हा विचार अमान्य आहे त्यांनी आपली कारणे लिहावीत.